काउंटरवर एक मोठं माणूस हवंय

१ फेब्रुवारी, गुरुवार

ही वही ट्रेगेंबो बाईंनी दिली. आमच्या शाळेच्या उपमुख्याध्यापिका. म्हणाल्या, "रेनो, तुझ्या डोक्यात जे काय शिजतं ते इथे ओत, म्हणजे माझ्या शाळेत ओतणार नाहीस. मार्चच्या सुट्टीपर्यंत लिहायचं. मी वाचणार नाही. पानं भरलेली तेवढी बघेन."

कारण काय, तर वर्गातल्या गरम हवेच्या नळीत मासे. ते मीच ठेवले हे अजून कुणी सिद्ध केलेलं नाही. ज्या डब्यात मासे होते त्या डब्यावर माकेला हे आमचं आडनाव होतं, एवढंच. भूगोलाचा तास मात्र झाला नाही.

तर लिहितो. बर्फ खिडकीच्या निम्म्यावर आलाय. आणि मला आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी खरं काम दिलंय.

कर्ट आणि ट्रूडी बेलांजर, ही जुळी भावंडं, माझे मित्र. दुसरं कुणी व्हायला तयार नाही. आम्ही तिघांनी हिवाळाभर गावातल्या लोकांच्या छपरांवरचा बर्फ फावड्याने उपसला, पाठ मोडेपर्यंत, आणि ठरवलं की शाळेचं शेवटचं वर्ष आहे, मार्चच्या सुट्टीत फ्लोरिडाला समुद्रावर जायचं. चांगल्या रिसॉर्टमध्ये राहायचं. उघड्या पायांनी चालायचं. रिसॉर्ट ठरवायचं काम माझ्याकडे, कारण मला फोनवर मोठ्या माणसाचा आवाज काढता येतो. मिस्टर फेदरस्टोन. जाडा, कायम सर्दी झालेला, दक्षिणेकडचा साहेब. कर्टला ताप आल्याचं शाळेला नेहमी तेच कळवतात.

ट्रूडी म्हणाली, "रे, एवढं एक काम गंमत न करता कर. एक."

"एक तर एक," मी म्हटलं.

४ फेब्रुवारी, रविवार

जागा ठरली. टार्पन कोव्ह नावाचं गाव, 'किंग टार्पन' नावाचं रिसॉर्ट. वरच्या मजल्यावरून थेट पोहण्याच्या तलावात उतरणारी निळी घसरगुंडी आहे.

कर्टने नकाशा उलटासुलटा करून बघितला. "हे गाव कुठाय? सगळे तर दुसऱ्याच किनाऱ्यावर जातात."

"म्हणूनच. गर्दी नको."

"तुला गर्दी नको? तुला?"

आईची कार्डं तिथून येतात, पण तो योगायोग. वाढदिवसाला एक, नाताळला एक. प्रत्येकावर पेलिकन, पाठीमागे फोन नंबर. पेलिकन हुबेहूब ट्रेगेंबो बाईंसारखा दिसतो म्हणून मी सगळी जपून ठेवलीत. गळ ठेवायच्या पेटीत.

मी पाचवीत होतो तेव्हा आई मावशीच्या ऑपरेशनला मदत म्हणून दोन आठवड्यांसाठी तिकडे गेली. ते दोन आठवडे अजून चालू आहेत. हे आपलं माहिती म्हणून लिहिलं. घसरगुंडी खरंच निळी आहे.

९ फेब्रुवारी, शुक्रवार

बोंब झाली.

खोली फेदरस्टोनच्या आवाजात ठरवली, पैसे पाठवले, सगळं गोड. आज पोस्टाने त्यांचे कागद आले. त्यात लिहिलंय की मार्च महिन्यात पंचवीस वर्षांखालच्या कुणालाही खोलीची चावी मिळणार नाही. पंचविशीच्या पुढचं माणूस स्वतः, ओळखपत्र घेऊन, काउंटरवर उभं पाहिजे आणि त्याने मुलांची हमी घेतली पाहिजे. नाहीतर दारातूनच परत, आणि भरलेलं सगळं गेलं.

का, तर सुट्टीत येणारी पोरं गाद्या समुद्रात सोडतात आणि सरकत्या जिन्यात साबण ओततात. मला रागच आला. न केलेल्या गोष्टीची शिक्षा भोगायची मला सवय नाही. (साबण मात्र सुचला नव्हता.)

कर्ट-ट्रूडीला अजून सांगितलं नाही. कागद गळांच्या पेटीत लपवलाय. गंमत केली की ती मित्रांपासून कधी लपवावी लागत नाही. खरं काम केलं की लागतं वाटतं.

१२ फेब्रुवारी, सोमवार

सांगितलं. डबा खाताना.

ट्रूडी हसली. "छान आहे. पंचवीस. पुढचं सांग."

"पुढचं नाहीये. खरंच लिहिलंय."

"रे, हसून झालं माझं. आता पुरे."

शेवटी कागद दाखवला. तिने तो उजेडाकडे धरून बघितला, मी घरी बनवलाय का म्हणून. मग मागची बाजू बघितली. मग तिचा चेहरा पडला. कर्टने हातातलं सँडविच खाली ठेवलं. कर्ट सँडविच खाली ठेवत नाही कधी.

"मग जागा बदलू," ट्रूडी म्हणाली. "टेक्सासच्या किनाऱ्यावर अठराला चालतं, माझ्या मैत्रिणीची बहीण गेली होती. आत्ता फोन केला तर पैसे परत मिळतील. आहे अजून वेळ."

"नाही."

"का नाही?"

"घसरगुंडी."

"टेक्सासला घसरगुंड्या नाहीत?"

"निळ्या नाहीत."

ती माझ्याकडे बघत राहिली. ट्रूडी अशी बघते तेव्हा डॉक्टरने जीभ बाहेर काढायला सांगितल्यासारखं वाटतं. मग म्हणाली, "ठीकाय. मग मोठं माणूस तू शोध." कर्ट म्हणाला, "अगं पण टेक्सास..." तर तिने त्याला टेबलाखालून लाथ मारली. का ते कळलं नाही. माझी बाजू घेण्यासारखं मी काही बोललो नव्हतो.

१७ फेब्रुवारी, शनिवार

मोठं माणूस मिळत नाही. कर्टचा मामेभाऊ तेवीसचा. व्यायामाचे सर म्हणाले, "माकेला, तुझी हमी? मी माझ्या कुत्र्याची घेत नाही."

त्यावरूनच कल्पना सुचली. बेलांजरांच्या कुत्र्याचे केस विंचरून घेतले, डिंकाने माझ्या ओठावर चिकटवले, बाबांचा कोट घातला. आधी गावात चाचणी म्हणून निएमी आजींच्या बेकरीत गेलो. जाड्या आवाजात म्हणालो, "बाई, या गावात मी पाहुणा आहे. एक वेलचीचा पाव द्या."

आजींनी पाव कागदात बांधला. "घे रेनो. आणि तोंड धू, कुत्र्याचे केस लागलेत." मग दाराशी येऊन म्हणाल्या, "हल्ली घरी करत नाही ना कुणी हा पाव? तुझ्या आईचा माझ्यापेक्षा चांगला व्हायचा. सांगू नको कुणाला."

कर्ट बाहेर बर्फात बसून हसत होता. मला हसू आलं नाही. डिंक निघत नव्हता म्हणून असेल.

२४ फेब्रुवारी, शनिवार

आज सौनात बाबांना विचारलं. शनिवारी आम्ही दोघं मागच्या लाकडी खोलीत वाफ घेत बसतो, आजोबांपासून चालत आलंय. बाकी आठवडाभर बाबा सरकारी गाडीने रस्त्यावरचा बर्फ ढकलतात आणि घरी येऊन गप्प बसतात. पण सौनात कुणी कुणाकडे बघायचं नसतं, त्यामुळे बोलता येतं.

"बाबा, तुम्ही पंचवीसच्या वर आहात ना?"

"थोडा."

"मार्चमध्ये आमच्याबरोबर समुद्रावर याल? फक्त काउंटरवर उभं राहायचं. मग तुम्ही तुमचे, आम्ही आमचे. मासेमारी पण आहे तिथे."

बाबांनी दाढी खाजवली. मला वाटलं, हो म्हणणार. खरंच वाटलं. म्हणाले, "कुठे आहे हे?"

"टार्पन कोव्ह."

बाबांनी डावभर पाणी तापलेल्या दगडांवर ओतलं. मग अजून एक. मग अजून. वाफेत मला माझे गुडघे दिसेनात.

"मला तिथलं ऊन सोसत नाही," वाफेतून आवाज आला. "संध्याकाळी सहालासुद्धा डांबर बुटातून चटके देतं."

"तुम्हाला काय माहीत?"

"टीव्हीवर दाखवतात."

आमच्या टीव्हीवर एकच वाहिनी दिसते आणि तिच्यावर हॉकी असते.

 उठताना बाबा म्हणाले, "दुसरी जागा घ्या की रे. दुसरीकडे कुठे पण मी येईन."

कुठे पण! म्हणजे प्रश्न सुटला की. टेक्सास, बाबा, संपलं. मी ट्रूडीला फोन करायला रिसीव्हर उचलला. आणि ठेवला. का ठेवला माहीत नाही. 

२ मार्च, शनिवार

आज वाट लावली मी.

बेलांजरकाकूंनी जेवायला बोलावलं होतं. बटाटा आणि मांस भरलेल्या पेस्ट्या. त्या वाढता वाढता साध्या आवाजात म्हणाल्या, "तिकडे तुमच्याबरोबर मोठं माणूस कोण? कर्ट म्हणतो ठरलंय. मला नाव सांगा, नाहीतर कुणीही कुठेही जात नाही."

कर्टने पेस्टीत तोंड खुपसलं. ट्रूडी माझ्याकडे बघायला लागली. माझ्याकडे एक चांगली थाप तयार होती, निवृत्त नौदल अधिकारी, एक पाय लाकडाचा. मी तोंड उघडलं आणि आतून आलं, "आई."

"कुणाची?"

"माझी. ती राहतेच तिथे. ती येणारेय काउंटरवर."

काकूंच्या हातातला चमचा तसाच राहिला. "मर्ना?" एकदम हळू म्हणाल्या. "मर्नाने तुला सांगितलं असं?"

"हो."

"बोललास तू तिच्याशी?"

"हो. म्हणजे आमचं बोलणं असतंच."

काकूंनी माझ्या ताटात मी न मागता अजून एक पेस्टी वाढली. "बरं. मग तिला म्हणावं, मला एकदा फोन कर. तिचा आवाज ऐकला की मी सोडते तुम्हाला."

बाहेर पडल्यावर ट्रूडीने माझी टोपी ओढली. "रे. ही गंमत आहे का?"

"नाही."

"मग तर जास्तच वाईट आहे." आणि टोपी नीट माझ्या कानांवर बसवून आत गेली.

५ मार्च, मंगळवार

केला फोन! दुपारी, बाबा कामावर असताना. तीनदा नंबर फिरवून ठेवला, पण लाईन खराब होती म्हणून. चौथ्यांदा घंटा वाजली.

अर्थात माझ्या आवाजात करण्याइतका मी मूर्ख नाही. काय म्हणणार? "हॅलो, मी रेनो, आठवतोय का?" त्यापेक्षा फेदरस्टोन बरे. आणि कल्पना तर अशी होती की मीच माझ्यावर खूश झालो.

"मिसेस मर्ना माकेला?" (हो म्हणाली, म्हणजे आडनाव अजून तेच आहे. मला उगाच वाटलं होतं बदललं असेल.) "मी किंग टार्पन रिसॉर्टमधून मिस्टर फेदरस्टोन बोलतोय. अभिनंदन! टार्पन कोव्हच्या सर्व रहिवाशांमधून आपली निवड झाली आहे."

तिकडे काहीच नाही. मला वाटलं फोन कापला गेला. मग म्हणाली, "कशासाठी?"

"रविवारी चोवीस तारखेला आमच्याकडे तीन विद्यार्थी येत आहेत. सभ्य, अभ्यासू. नियमाप्रमाणे त्यांच्यासाठी काउंटरवर एक मोठं माणूस लागतं. आपण उभं राहायचं. बदल्यात जेवण मोफत."

"कुठून येतायत?"

"उत्तरेकडून."

"किती उत्तरेकडून?"

"बऱ्याच."

"तिकडे अजून बर्फ असेल ना."

"खिडकीच्या वर गेलाय," मी म्हटलं, आणि लगेच सावरलं, "असं आमचं हवामान खातं म्हणतं."

"फेदरस्टोनसाहेब, तुम्हाला सर्दी झालीय का?"

"माझा आवाजच असा आहे मॅडम. लहानपणापासून."

"लहानपणापासून," ती म्हणाली. मग खोकल्यासारखं काहीतरी झालं तिला. बराच वेळ. मग म्हणाली, "जेवता ना तुम्ही वेळेवर?"

"आमच्या इथे जेवणाची उत्तम सोय आहे."

"आणि घरचे? बरे आहेत?"

"कामात असतात, मॅडम."

"हं. त्या मुलांना सांगा, इथलं ऊन वाईट. टोपी हवी. कान भाजतात. उजवा आधी."

"मी तसं कळवतो. आणि मॅडम, त्यांच्यापैकी दोघांची आई, मिसेस बेलांजर, तिला आपला आवाज ऐकायचा आहे. आमच्या रिसॉर्टची पद्धतच आहे तशी."

"बघते. रविवारी माझी पाळी असते, मी खानावळीत वाढायचं काम करते. सुट्टी मिळेल का ठाऊक नाही."

"नाही मिळाली तर?" आणि हे फेदरस्टोनच्या आवाजात आलंच नाही, चिरकलं.

"बघते म्हटलं ना, साहेब."

फसली! पूर्ण फसली! बक्षीस, जेवण, रिसॉर्टची पद्धत, सगळं गिळलं! फ्लोरिडाची माणसं अगदीच भोळी. आयुष्यातली सर्वात मोठी थाप, आणि टाळ्या वाजवायला घरात कुणी नाही.

एकच कळलं नाही. उजवा कान का? आरशात बघून आलो. माझा उजवा जरा बाहेर आलेला आहे, जन्मापासूनच. पण तसा बहुतेकांचा असेल.

८ मार्च, शुक्रवार

ती "येते" म्हणाली नाही. "बघते" म्हणाली. दोन्हींत फरक आहे.

आणि आली तरी काय? ती येणार फुकट जेवायला. समोर मी. फुकटच्या जेवणासाठी आलेली बाई मला बघून पाठ फिरवून गेली तर? कर्ट-ट्रूडीसमोर? त्यापेक्षा चावी नाही मिळाली तर बरं. वाळूत झोपू.

बेलांजरकाकूंना फोन गेलेला नाही. ट्रूडी रोज सकाळी विचारते. विचारत नाही, नुसती भुवई वर करते. आज मी ट्रेगेंबो बाईंच्या खुर्चीवर, बसलं की घाणेरडा आवाज करणारी हवेची पिशवी ठेवली आणि त्या बसायच्या आधी स्वतःच काढून घेतली. त्या म्हणाल्या, "माकेला, बरं नाही का तुला?"

११ मार्च, सोमवार

फोन नाही.

१६ मार्च, शनिवार

नीट लिहितो, क्रमाने.

सौनातून घरात आलो आणि फोन वाजला. बाबा पंचा गुंडाळून पुढे होते, त्यांनी उचलला.

"माकेला." मग, "कोण? फेदरस्टोन? नाही, इथे कुणी फेद..."

आणि थांबले. पाठ होती माझ्याकडे. पाठीवरून वाफ निघत होती. मी स्वयंपाकघराच्या दारात, पायाखाली पाण्याचं तळं. बाबांनी रिसीव्हर दोन्ही हातांनी धरला. मग म्हणाले, "हो. मीच आहे." मग, "हो, इथेच आहे." मग खूप वेळाने, "नाही, अजून तशीच आहे ती, पायरी. करायचीय दुरुस्त."

मागच्या दाराची पायरी मोडलीय. ती पाचवीपासून मोडलेली आहे.

मग बाबा वळले, फोन माझ्यापुढे धरला. चेहरा सौनाने लाल होता, असं धरून चालू. "मिस्टर फेदरस्टोन," म्हणाले, "तुमचा फोन."

मी घेतला. काय करणार? आवाज लावला. "फेदरस्टोन बोलतोय."

"साहेब, मर्ना माकेला," ती म्हणाली, एकदम कामाच्या सुरात. "रविवारची सुट्टी मिळाली. बदलीला बाई मिळत नव्हती म्हणून उशीर झाला. आत्ताच मिसेस बेलांजरशीही बोलले. तासभर बोलत ठेवलं तिने. तर तुमच्या त्या मुलांना सांगा, मी काउंटरवर असेन."

"रिसॉर्ट आपलं आभारी आहे," मी म्हटलं.

"आणि साहेब, सर्दीला जपा."

ठेवला फोन. बाबा स्टोव्हपाशी उभे होते, कॉफीचं भांडं हातात, खाली आग नाही. मी म्हटलं, "हा नंबर तिला कुणी दिला? मी तर दिला नव्हता."

बाबा म्हणाले, "बदललाय कधी तो?"

मग कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. उजवा कान. लहानपणापासूनची सर्दी. ती फसलीच नव्हती. पहिल्या वाक्यापासून फसली नव्हती, आणि मला तसंच बोलू दिलं तिने. मला अशी थाप आजवर कुणी मारलेली नाही.

बाबा रागावतील म्हणून वाट बघत उभा राहिलो. त्यांनी स्टोव्ह पेटवला आणि म्हणाले, "अंग पूस. सर्दी होईल, साहेब."

२० मार्च, बुधवार

सगळे खूश आहेत. काकूंनी ट्रूडीसाठी नवीन पोहण्याचा पोशाख आणला, कर्ट घरात उघड्या पायांनी फिरून सराव करतोय. मलाच धड जेवण जात नाही.

कारण तेव्हाही ती दोन आठवड्यांनी येते म्हणाली होती. अगदी ह्याच सुरात, कामाच्या. बॅग घेऊन, त्या मोडक्या पायरीवर उभी राहून.

ट्रूडीला हे सांगितलं. पहिल्यांदाच कुणाला. ती म्हणाली, "मला टेक्सासच्या दिवशीच कळलं होतं, येड्या. निळी घसरगुंडी म्हणे."

"मग बोलली का नाहीस?"

"तुला कळेपर्यंत थांबले. लई वेळ लावलास."

"आणि ती नाही आली तर?"

"तर आपण तिघं आणि वाळू," ट्रूडी म्हणाली. "पण मग तू मला हसवायचं. सगळा आठवडा. न थांबता."

२२ मार्च, शुक्रवार

बसमध्ये लिहितोय, अक्षर उडतंय.

शाळेतून घरी बॅग घ्यायला गेलो तर स्वयंपाकघरात बर्फ पडल्यासारखं पीठ. जमिनीवर पीठ, टेबलावर पीठ, बाबांच्या भुवयांवर पीठ. आणि सगळीकडे वेलचीचा वास. बाबांनी कामावरून सुट्टी काढली होती. मार्चमध्ये, बर्फ पडत असताना. असं कधी होत नाही.

टेबलावर वेणी घातलेला एक पाव. वेणी एका टोकाला सुटली होती.

"रस्त्यात खायला," बाबा म्हणाले. मग कागदात बांधता बांधता, "सगळा खाऊ नका." मग दोरीची गाठ मारता मारता, "खरं म्हणजे फोडूच नका." मग बसपाशी, माझ्या हातात देताना, "खालून करपलाय. सांग तिला."

"बाबा, तुम्ही चला की."

"पायरी करायचीय," म्हणाले. आणि खरंच त्यांच्या गाडीत मागे नवीन फळ्या होत्या.

कर्ट म्हणतो पावाच्या वासाने त्याचा जीव जाईल. मी पाव मांडीवर घेऊन बसलोय. काउंटरवर कोणत्या आवाजात बोलायचं हे ठरत नाहीये. फेदरस्टोन बरा नाही आता. ट्रेगेंबो बाईंचा जमतो, पण तो कशाला. खिडकीकडे तोंड करून एकेक लावून बघतोय. शेजारच्या आजोबांनी जागा बदलली.

२४ मार्च, रविवार

टार्पन कोव्ह. डांबर खरंच बुटातून चटके देतं. बाबा बरोबर होते. आणि हे टीव्हीवर बघून कळत नाही.

रिसॉर्टच्या दालनात शिरलो. काउंटरवर पांढऱ्या चड्डीतला एक पोरगा, आमच्याहून दोनचार वर्षांनीच मोठा. "नाव? खोली? ठीक. मोठं माणूस कुठाय?"

मी मागे बघितलं. एक कुटुंब बॅगा ओढत होतं. दोन म्हातारे पत्ते खेळत होते. कुंडीतल्या ताडाजवळ खानावळीच्या निळ्या पोशाखातली एक बुटकी बाई बसली होती. बास. मी दारापर्यंत जाऊन आलो. बाहेर कुणी नाही. परत गेलो. कर्टने माझ्या खांद्यावर हात ठेवला, आणि तोच मला सहन झाला नाही.

"येतील," ट्रूडी पोराला म्हणाली. "थांबतो आम्ही."

"रांग आहे मागे," तो म्हणाला. मग त्याचं लक्ष माझ्या हातातल्या कागदांवरच्या नावाकडे गेलं. "तुमच्यापैकी फेदरस्टोन कोण?"

"का?"

"उघडल्यापासून एक बाई येऊन बसल्यात. सारख्या विचारतात, मिस्टर फेदरस्टोन आले का. मी दहादा सांगितलं, असा माणूस इथे कामाला नाही. तर म्हणतात, येईल, लांबून यायचाय."

त्याने पेनाने ताडाकडे दाखवलं.

मी तिच्यासमोरून दोनदा गेलो होतो. ती इतकी लहान आहे हे माझ्या लक्षातच नव्हतं. आणि तिने मला बघितलं नव्हतं, कारण ती दाराकडे बघत होती, डोळे न हलवता, पण खाली. दाराच्या मुठीच्या उंचीवर. पाचवीतला पोरगा येईल तिथे.

मी समोर जाऊन उभा राहिलो. तिला मान वर करावी लागली, आणि मग अजून वर. तिच्या मांडीवर एक गवती टोपी होती.

सगळा रस्ता तयारी केली होती, आणि आता आवाजच नव्हता. कुणाचाच. मी पाव पुढे केला.

"खालून करपलाय," मी म्हटलं.

तिने कागद सोडला, वास घेतला, पाव उलटा केला. खालचा काळा कोपरा मोडला आणि तोंडात घातला. तोच, करपलेला. चावत राहिली. डोळ्यांतून पाणी चाललेलं आणि चावत राहिली. "जाळ नेहमी जास्त ठेवतो," म्हणाली. "किती वेळा सांगितलंय त्याला."

"बाई," काउंटरवरून पोरगा ओरडला, "या मुलांची हमी तुम्ही घेताय का? तुम्ही कोण यांच्या?"

तिने माझ्याकडे बघितलं. उत्तर तिला देता आलं असतं, पण ती थांबली.

"आई आहे," मी म्हटलं. जरा जोरातच. पत्तेवाल्यांनी वळून बघितलं.

तिने सही केली. चावी मिळाली. कर्ट खोलीत न जाताच घसरगुंडीवर गेला. घसरगुंडी हिरवी निघाली. ट्रूडीने त्यावरून मला आत्तापर्यंत किती वेळा ऐकवलंय ते विचारू नका.

टोपी माझ्यासाठी होती. आईने अंदाजाने आणलेली, खूप लहान पडते. मी तरी दिवसभर घातली. उजवा कान बाहेरच राहतो तिच्यातून, आणि तो आज भाजला.